हाड सांधणारें प्रथिन

वसईची खाडी आणि वैतरणा यांच्या मधल्या मुलुखांत हाड मोडण्याचीं कारणें गेल्या दोनतीन पिढ्यांत पार पालटलीं आहेत. पूर्वीं माणूस पडे तो बहुधा ताडामाडावरून, नाहीं तर पावसाळ्यांत शेवाळलेल्या अंगणांत. आज विरारहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलच्या दारांत लोंबकळणारा तरुण, अहमदाबादच्या महामार्गावर दुचाकीसह घसरलेला नोकरदार आणि वालीव-गोखिवऱ्याकडील कारखान्यांत यंत्राखालीं पाय सांपडलेला कामगार, हे अस्थिवैद्याच्या दारीं येणारे नेहमींचे रोगी होत. मोडलेलें हाड आपोआप सांधतें, ही जुनी समजूत बव्हंशीं खरीच आहे. शस्त्रवैद्य हाड सरळ बसवितो आणि तें हालणार नाहीं अशी व्यवस्था करतो. सांधण्याचें काम देह स्वतःच करतो. पण कधीं कधीं देह हें काम अर्धवट टाकून देतो, आणि मग त्या घरावर जें संकट येतें त्याची कल्पना ज्यांनीं तें जवळून पाहिलें नाहीं त्यांस येणें कठीण.

नडगीचें हाड हें याचें ठळक उदाहरण. पायाच्या पुढच्या बाजूस हें हाड कातडीच्या अगदीं खालीं असतें. त्यावर मांसाचें आच्छादन नाहींच म्हटलें तरी चालेल. त्यामुळें जोराच्या आघातानें तें मोडलें म्हणजे कातडीही फाटते, धूळ आणि तेल आंत जातें, आणि हाडास रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात. सहा महिने लोटले तरी क्ष-किरणांच्या चित्रांत दोन टोकांमधील काळी फट तशीच दिसते. अशा वेळीं शस्त्रवैद्य रोग्याच्याच कंबरेच्या हाडाचा तुकडा काढून त्या फटींत भरतो. हा उपाय जुना व भरंवशाचा आहे. परंतु त्याकरितां दुसरी जखम करावी लागते, ती जागा पुढें बरेच दिवस ठणकते, आणि कंबरेंतून किती हाड काढावें यासही मर्यादा आहे. कमावत्या माणसाचें वर्ष अंथरुणांत जातें. घराचा हप्ता आणि मुलांची फी मात्र थांबत नाहीं.

हाड लवकर सांधावें म्हणून चौधारी कांडवेल वाटून लावण्याचा व पोटांत देण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. तिचें हाडसांधी हें नांवच तिच्या कीर्तीची साक्ष देतें. बनारसच्या हिंदु विश्वविद्यालयांत के. एन. उडुपा आणि जी. प्रसाद यांनीं १९६० नंतरच्या दशकांत प्राण्यांवर प्रयोग करून या वेलीचा हाड सांधण्याच्या क्रियेवर अनुकूल परिणाम होतो असें दाखविलें. जुन्या अनुभवास प्रयोगाची कसोटी लावण्याचा हा यत्न स्तुत्य होता. पण हाडास सांधण्याची आज्ञा कोण देतो, या मूळ प्रश्नाचें उत्तर वेलींत सांपडण्यासारखें नव्हतें. तें हाडांतच शोधावयास हवें होतें.

तसा शोध फार जुना आहे. शिकागोचे शस्त्रवैद्य निकोलस सेन यांनीं १८८९ सालींच चुना काढून टाकलेलें हाड जखमेच्या पोकळींत भरून पाहिलें होतें. १९४५ सालीं बेल्जमचे पिएर लाक्रुवा यांनीं हाडांत हाड उत्पन्न करणारें कांहीं द्रव्य असावें असा तर्क करून त्या न पाहिलेल्या द्रव्यास 'ऑस्टिओजेनिन' असें नांवही देऊन टाकलें. नांव आधीं आणि वस्तु मागाहून, असा प्रकार शास्त्रांत क्वचित् घडतो. येथें तो घडला.

वस्तूचा पत्ता लागण्यास १९६५ साल उजाडावें लागलें. लॉस एंजलिस येथील मार्शल युरिस्ट यांनीं हाडाचे तुकडे हायड्रोक्लोरिक ॲसिडांत ठेवून त्यांतील सर्व चुना विरघळवून टाकला. मागें उरला तो रबरासारखा लवचिक सांगाडा. हा सांगाडा त्यांनीं सशांच्या व इतर प्राण्यांच्या स्नायूंत, म्हणजे जेथें हाडाचें कांहींच काम नाहीं अशा ठिकाणीं, शिवून ठेवला. कांहीं आठवड्यांनीं पाहतात तों त्या मांसांत नवें हाड तयार झालेलें! मृत हाडानें भोंवतालच्या जिवंत पेशींस हाड बनविण्याचा हुकूम दिला होता आणि त्यांनीं तो मुकाट्यानें पाळला होता. हा हुकूम देणाऱ्या द्रव्यास पुढें अस्थिजनक प्रथिन असें म्हणूं लागले. इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तें बी. एम. पी. म्हणून ओळखलें जातें.

या कथेंत दोन भारतीय नांवें येतात, आणि तीं आपल्याकडे जितकीं ठाऊक असावयास हवींत तितकीं नाहींत. ए. हरि रेड्डी यांनीं दिल्ली विद्यापीठांतून शिकागोस जाऊन नोबेल पारितोषिकाचे मानकरी चार्ल्स हगिन्स यांच्याबरोबर काम केलें आणि चुना काढलेल्या हाडाच्या भुकटीपासून नवें हाड कोणत्या क्रमानें बनतें हें १९७२ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९८१ सालीं टी. के. संपत आणि रेड्डी यांनीं एक सुंदर प्रयोग केला. त्यांनीं त्या भुकटींतून ग्वानिडिन नांवाच्या क्षारानें विद्राव्य भाग वेगळा काढला. राहिलेला चोथा एकटा प्राण्याच्या अंगांत घातला, हाड झालें नाहीं. विद्राव्य भाग एकटा घातला, तरीही नाहीं. दोन्ही पुन्हां एकत्र करून घातले तेव्हां मात्र हाड झालें. म्हणजे हुकूम देणारें द्रव्य वेगळें आणि त्यास धरून ठेवणारी बैठक वेगळी, आणि हाड होण्यास दोहोंची गरज. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें रोग्यांच्या बाबतींत तिचा संबंध येणार आहे.

अडचण होती ती परिमाणाची. एक किलो हाड कुटून, धुवून, गाळून त्यांतून हें प्रथिन मिळावें तें कांहीं मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लक्षांशांत मोजण्याइतकें. एका रोग्यासाठीं कित्येक मिलिग्रॅम लागतात. कत्तलखान्यांतील हाडांवर हा हिशेब जुळणें अशक्य होतें. १९८८ सालीं मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें जॉन वॉझ्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं बैलाच्या हाडांतून शुद्ध केलेल्या प्रथिनाच्या आधारानें मनुष्याचीं तत्संबंधीं जनुकें हुडकून काढलीं, तेव्हां दुसरा मार्ग खुला झाला. जनुक म्हणजे प्रथिन बनविण्याची लेखी कृति. कृति हातीं आल्यावर स्वयंपाकी कोणता ठेवावयाचा एवढाच प्रश्न उरला.

सर्वांत स्वस्त स्वयंपाकी म्हणजे मनुष्याच्या आंतड्यांत राहणारा एक जंतु. त्यास शास्त्रांत एश्चेरिशिया कोलाय म्हणतात; टेओडोर एशेरिश या बालवैद्यानें १८८५ सालीं त्याचें वर्णन केलें, त्यावरून हें नांव पडलें. भरपूर अन्न आणि ऊब मिळाली तर हा जंतु वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. आठ तासांत चोवीस वेळां दुप्पट झाला तर एकापासून १,६७,७७,२१६ जंतु होतात. कारखान्यांत रात्रपाळी संपते न संपते तोंच ही प्रजा तयार!

मनुष्याचें जनुक जंतूंत कसें घालतात हें वसईच्या बागायतदारास फार फोड करून सांगावें लागूं नये. आगाशीकडे ज्या केळ्यांची सुकेळी करतात ती राजेळी केळ बीं पेरून उगवत नाहीं. केळीच्या बुंध्याशीं फुटलेला मुनवा खणून दुसरीकडे लावतात, आणि मूळ झाडाचे सर्व गुण त्यांत जसेच्या तसे उतरतात. एका चांगल्या केळीपासून सबंध वाडी उभी करतां येते. जंतूंचेंही तसेंच. जंतूच्या पोटांत त्याच्या मुख्य गुणसूत्राखेरीज डी. एन. ए. चीं लहान लहान कडीं असतात. विशिष्ट जागींच कापणाऱ्या पाचकद्रव्याच्या कात्रीनें असें कडें तोडतात, त्यांत मनुष्याच्या जनुकाचा तुकडा बसवितात, आणि दुसऱ्या द्रव्यानें तोंडें जुळवून कडें पुन्हां बंद करतात. तें ज्या एका जंतूंत शिरलें त्याची सर्व संतति तें बाळगते. स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनीं ही विद्या १९७३ सालीं सिद्ध केली. १९७८ सालीं या रीतीनें जंतूंकडून मनुष्याचें इन्सुलिन करविलें गेलें आणि १९८२ सालीं तें अमेरिकेंत औषध म्हणून मान्य झालें. आज मधुमेही माणसाच्या घरीं शीतकपाटांत जी बाटली असते तिचा उगम येथें आहे.

मग अस्थिजनक प्रथिनही तसेंच करावें आणि रुग्णालयांत वांटावें, यांत अडलें कोठें? अडलें तें घडीपाशीं.

बी. एम. पी.-२ या प्रथिनाची साखळी ११४ दुव्यांची आहे. मानवी पेशी आधीं ३९६ दुव्यांची लांब साखळी करते व नंतर कापून तिचा शेवटचा भाग ठेवते. जंतूस थेट तो शेवटचाच भाग लिहून देतात. साखळी करण्यांत जंतु कुशल आहे. पण या साखळींत सात ठिकाणीं गंधकयुक्त दुवे आहेत. त्यांपैकीं सहा दुवे दोन-दोन मिळून साखळीच्या आंत तीन गांठी मारतात, आणि त्या गांठी एकींतून एक ओंवल्यासारख्या असतात. सातवा दुवा दुसऱ्या तशाच साखळीचा हात धरतो. अशी जोडी झाली तरच पेशी तिचा हुकूम मानते. आतां हिशेब पाहण्यासारखा आहे. सातांपैकीं कोणता दुवा मोकळा ठेवावा याचे सात प्रकार. उरलेल्या सहांच्या जोड्या लावण्याचे पंधरा. म्हणजे एकंदर १०५ रीति, आणि त्यांत खरी एकच. शिवाय दोन्ही साखळ्यांत ती साधली पाहिजे.

मानवी पेशींत या कामासाठीं स्वतंत्र दालन आहे. तेथें घडी घालण्यास मदत करणारीं द्रव्यें आहेत आणि गंधकाच्या गांठी बसण्यास योग्य वातावरणही आहे. जंतूच्या पोटांत तें वातावरण नाहीं. किंबहुना तेथें अशा गांठी सुटण्याकडेच कल असतो. त्यामुळें तो भराभर साखळ्या करतो आणि त्यांचे गोळे होऊन बसतात. नासलेल्या दुधांत चोथा वेगळा व्हावा तसें हें होतें: द्रव्य तेंच, पण रूप गेलेलें. या गोळ्यांनीं हाडाचा कणही वाढत नाहीं. जंतु हाड उगवितात असें कोणी म्हणतांना ऐकलें तर तें अर्धवट समजावें. जंतु सूत कातून देतात, विणकाम माणसालाच करावें लागतें.

तें विणकाम मोठ्या धिमेपणाचें आहे. जंतु फोडून गोळे वेगळे काढतात, धुतात, आणि तीव्र युरियांत किंवा ग्वानिडिनांत विरघळवितात, म्हणजे प्रत्येक साखळी उलगडून सरळ होते. मग तें द्रावण थोडें थोडें करून पुष्कळ पाण्यांत सोडतात. त्या पाण्यांत ग्लुटाथायोन हें द्रव्य दोन्ही रूपांत असतें, एक गांठ सोडणारें आणि एक बांधणारें. त्यामुळें चुकीची गांठ पडली तर ती सुटून पुन्हां प्रयत्न होऊं शकतो. साखळ्या एकमेकींस चिकटूं नयेत म्हणून आर्जिनिनही घालतात. असें तें द्रावण शांत ठेवतात, कधीं कित्येक दिवस. घाई केली, दाटी केली, कीं पुन्हां गोळे. जर्मनींतील व्हुर्ट्सबुर्ग येथील संशोधकांनीं १९९६ सालीं जंतूंपासून केलेलें बी. एम. पी.-२ या मार्गानें कार्यक्षम करून दाखविलें, आणि पुढें ब्राउन्श्वाइग येथें तें अधिक प्रमाणांत करण्याच्या रीति बसविण्यांत आल्या. तरीही कितीएक साखळ्या वांकड्याच राहतात, आणि त्या निवडून टाकाव्या लागतात. या निवडींत हेपॅरिनचा उपयोग होतो, कारण हें प्रथिन हेपॅरिनास घट्ट धरतें.

यानंतर आणखी एक काम राहतें, आणि तें रोग्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें. या जंतूच्या कवचांत ज्वर आणणारें विष असतें. त्याचा अल्पसा अंश उरला तरी जखमेंत दाह होईल, म्हणून तें काढून टाकल्याची खात्री पुनःपुन्हां करून घेतात. तयार प्रथिनाची परीक्षाही मोठी मार्मिक आहे. उंदराच्या स्नायुपेशींवर तें घालतात. घडी बरोबर असेल तर त्या स्नायु व्हावयाचें सोडून हाडाच्या पेशींप्रमाणें अल्कलाइन फॉस्फेटेज निर्माण करूं लागतात. युरिस्टनीं सशाच्या मांसांत जें पाहिलें तेंच येथें कांचेच्या बशींत दिसतें.

ही सर्व यातायात टाळण्यासाठीं अमेरिकेंतील कारखानदारांनीं दुसरा स्वयंपाकी पत्करला: चिनी हॅम्स्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयांतील पेशी. त्या घडी आपली आपण घालतात, पण त्यांचें पोषण खर्चाचें आणि वाढ मंद. अशा पेशींत केलेल्या बी. एम. पी.-२ ला अमेरिकन सरकारनें २००२ सालीं पाठीच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं आणि २००४ सालीं नडगीच्या उघड्या मोडीसाठीं परवानगी दिली. जंतूंत केलेलें बी. एम. पी.-२ दक्षिण कोरियांत दंतवैद्यांच्या व अस्थिवैद्यांच्या वापरांत आलें आहे, म्हणजे स्वस्त स्वयंपाक्याचा मार्ग केवळ प्रयोगशाळेंतला राहिलेला नाहीं.

घडीचा प्रश्न नसता तर काय झालें असतें, हें एका जवळच्या औषधावरून कळतें. टेरिपॅराटाइड हें पॅराथायरॉइड ग्रंथीच्या स्रावाच्या पहिल्या ३४ दुव्यांचें प्रथिन. त्यांत गंधकाची गांठ एकही नाहीं. जंतूंत करून शुद्ध करण्यास तें सोपें. अमेरिकेंत २००२ सालीं मान्य झालेलें हें औषध आतां भारतीय कंपन्याही बनवितात, आणि ठिसूळ हाडांच्या वृद्धांस तें रोज २० मायक्रोग्रॅम टोंचून घेतां येतें. इन्सुलिनच्या बाबतींतही, किण्वांत तें तयार करण्याची विद्या वोक्हार्ट कंपनीनें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, हस्तगत केली आणि २००३ सालीं बाजारांत आणली. तेव्हां हीं कामें येथें होत नाहींत असें म्हणण्यास जागा नाहीं.

परंतु स्वस्ताई आली म्हणजे सर्व साधलें असें मानणें धोक्याचें आहे, आणि तें गेल्या वीस वर्षांच्या इतिहासानें दाखविलें आहे. नडगीच्या उघड्या मोडीवरील ४५० रोग्यांची पाहणी २००२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत ज्यांस हें प्रथिन अधिक मात्रेनें, म्हणजे एकंदर १२ मिलिग्रॅम, दिलें गेलें त्यांच्यांत पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका शेंकडा ४४ नें कमी झाला. हा लाभ लहान नव्हे. पण १२ मिलिग्रॅम म्हणजे शेंकडों सांगाड्यांत मिळून असावें तितकें प्रथिन एका जखमेंत ओतणें होय. येथें संपत-रेड्डींच्या प्रयोगाची आठवण ठेवावी. हाडांत हें द्रव्य आपल्या बैठकीस चिकटून अगदीं थोडें थोडें सुटतें. शस्त्रक्रियेंत तें बैलाच्या कंडरेपासून केलेल्या स्पंजांत भिजवून ठेवतात, आणि त्यांतून तें भोंवतालीं पाझरतें. मानेच्या मणक्यांत तें वापरल्यानें सूज येऊन श्वास आणि गिळणें अडल्याच्या तक्रारींवरून अमेरिकन सरकारास २००८ सालीं इशारा काढावा लागला. नको तेथें हाड वाढल्याचींही उदाहरणें झालीं. कारखानदारांच्या पैशानें झालेल्या आरंभींच्या तेरा पाहण्यांत असे दुष्परिणाम जवळजवळ नोंदलेच गेले नव्हते, हें २०११ सालीं मणक्याच्या वैद्यकाच्या एका नियतकालिकानें उघड केलें. आणि २०१३ सालीं येल विद्यापीठाच्या पुढाकारानें झालेल्या दोन स्वतंत्र तपासण्यांत, मणके जोडण्याच्या कामीं कंबरेच्या हाडापेक्षां या प्रथिनाचा लाभ फारसा अधिक नाहीं असें आढळलें. जें औषध नडगीस उपकारक ठरलें तेंच पाठीस निष्कारण महाग पडलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

म्हणून एखाद्या घरीं अशा उपचाराची गोष्ट निघाली तर तो कोणत्या हाडासाठीं आहे, मात्रा किती, प्रथिन कोणत्या पेशींत केलेलें, आणि कंबरेचें हाड वापरणें कां टाळावयाचें, इतके प्रश्न शस्त्रवैद्यास निःसंकोच विचारावे. चांगला वैद्य त्यांनीं रागावत नाहीं. गरोदर स्त्रियांस, आणि त्या जागीं कर्करोगाची गांठ असलेल्या किंवा पूर्वीं काढलेल्या रोग्यांस, हें द्रव्य देत नाहींत.

प्रयोगशाळांतून जंतूच्या आंतील वातावरणच पालटून त्याच्याकडून गांठी मारवून घेण्याचे, आणि प्रथिनास बैठकीस अधिक घट्ट धरवून मात्रा कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. कोठें कोठें त्यांस यशही येत आहे. तोंपर्यंत न सांधलेल्या नडगीच्या फटींत रोग्याच्याच कंबरेच्या हाडाचा तुकडा भरणें हा बहुतेक ठिकाणीं पहिला उपाय राहिला आहे. त्या तुकड्यांतही हेंच प्रथिन असतें, अगदीं थोडें, पण घडी आधींच बरोबर पडलेलें.